‘मुलांचा हात पोहोचत नाही’

“मावशी, आमच्या सबडिव्हिजनमध्ये (वसाहतीत) सहा महिन्यांत दोन भारतीय घरं फोडली. टीव्ही, लॅपटॉप जागच्या जागी, सोनं तेवढं गेलं. हे म्हणतात, आता ग्रीन कार्ड आलंय, पिस्तूल घेऊ. बेडरूमच्या कपाटात वरच्या फळीवर स्वेटरच्या मागे ठेवू, तिथे मुलांचा हात पोहोचत नाही. थोरला चौदाचा, धाकटी सहाची. मला रात्र रात्र झोप नाही. सासरे फौजेतून रिटायर झालेले, आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की इकडे येणार आहेत. फोनवर म्हणाले, ‘घरात हत्यार असलं म्हणजे चोर उंबऱ्याला पाय लावत नाही.’ धुळ्याची नणंद म्हणते, सगळं सोडून परत या. घ्यावं की नको? मुलांवर काय संस्कार होतील? मीही चालवायला शिकावं का?”
– रावेरची लेक, टेक्सास

पोरी, तुझं पत्र मी फैजपूरच्या घरी ओट्यावर बसून वाचलं. तीस वर्षं न्यू जर्सीत काढली मी. नवरा रात्रपाळीला, घरात दोन लहान लेकरं, बाहेर बर्फ, आणि जिन्यावर जरा कुरकुरलं की छातीत धस्स. ती भीती मला ठाऊक आहे. तुझ्या नवऱ्याचीही भीती खरी आहे. पोलीस येईपर्यंतची मिनिटं घरच्या माणसालाच काढायची असतात, तेव्हा हातात काहीतरी असावं असं त्याला वाटलं तर त्यात मी खोट काढणार नाही.

पण तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले आणि तिथून हलले नाही. “तिथे मुलांचा हात पोहोचत नाही.” हे तू लिहिलंस? रावेरच्या घरात वाढलेली तू? तुझ्या आईने आंबे पिकत घातलेल्या खोलीची किल्ली कुठे ठेवली होती, ते तुला माहीत नव्हतं? गुळाचा डबा? वडिलांच्या पाकिटाची जागा? आपल्याला सगळं माहीत असायचं. फक्त माहीत आहे हे आईला कळू द्यायचं नसायचं.

माझ्या आजोबांकडे बारा बोअरची बंदूक होती. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मळा, रानडुकरं रात्रीत केळीचे कंद उकरून टाकायची, म्हणून पीक राखायचा परवाना. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. बंदूक तेलाच्या फडक्यात गुंडाळून पार वर, छताच्या लाकडी सराला ठोकलेल्या दोन खुंट्यांवर. काडतुसं वेगळी, पेटीत, कुलपात. आजोबा शिस्तीचे होते, ‘पोरांचा हात पोहोचत नाही’ हे शब्द त्यांचेही होते. त्या वर्षीच्या आखाजीच्या आदल्या रात्री डुकरं आली. आजोबा मळ्यातून मध्यरात्री थकून परतले आणि एक काडतूस नळीतच राहून गेलं. दुसऱ्या दिवशी अंगणात पोरी झोके घेत होत्या, पुरुष पत्ते कुटत होते, आजी खापरावर मांडे टाकत होती. माझा नऊ वर्षांचा चुलतभाऊ आधी धान्याच्या कोठीवर चढला, तिथून कोनाड्यात पाय दिला आणि बंदूक काढली. छर्रे धाब्यात गेले. पुरणावर खारी माती कोसळली. आजीपासून नळीचं तोंड चार हातांवर होतं. तिला डाव्या कानाने पुढे कधी नीट ऐकू आलं नाही. आजोबांनी तिसऱ्या दिवशी बंदूक तालुक्याला पोलीस ठाण्यात जमा केली ती परत आणली नाही. नंतर आमचा मळा पत्र्याचे डबे आणि सुतळी बॉम्ब वाजवून राखला.

त्या मुलाला बंदूक कुठे आहे हे कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. आणि आम्हा सातही भावंडांना ते माहीत होतं.

तुला वाटेल, मावशी घरचं सांगते. मग परक्यांचं ऐक. अलाबामात बंदूक असलेल्या घरांमधल्या आई-बापांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं गेलं, २००६ साली ते छापून आलं. “आमच्या मुलाला जागा माहीत नाही,” असं ठामपणे सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्के पालकांची मुलं म्हणाली, माहीत आहे. “त्याने कधी हात लावला नाही,” म्हणणाऱ्यांपैकी २२ टक्क्यांची मुलं म्हणाली, लावलाय. त्याआधी २००१ साली छापून आलेला एक प्रयोग आहे. ८ ते १२ वर्षांच्या मुलांना दोघं-तिघं मिळून एका खोलीत सोडलं. ड्रॉवरमध्ये खरं पण निकामी केलेलं पिस्तूल. २९ गटांपैकी २१ गटांना ते सापडलं, १६ गटांनी हाताळलं, १० गटांत कुणीतरी चाप ओढला. हात लावणाऱ्या मुलांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं की बंदुकीच्या सुरक्षिततेचं काही ना काही त्यांना आधी शिकवलेलं होतं. संस्कारांचं तू विचारलंस ना? संस्कार कर, पण संस्काराच्या भरवशावर भरलेलं पिस्तूल स्वेटरमागे ठेवू नकोस.

तुझा नवरा हुशार आहे, तो आकडे काढेल. म्हणेल, २०२१ मध्ये अख्ख्या अमेरिकेत अपघाती गोळीने ५४९ माणसं गेली, एवढ्या मोठ्या देशात हे किती! बरोबर आहे त्याचं. पण त्याच वर्षी बंदुकीने एकूण ४८,८३० माणसं गेली आणि त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. मला धाकटीइतकीच थोरल्याची काळजी का वाटते, ते इथे आहे. चौदा वर्षं. परीक्षेत कमी मार्क, मित्राने गटातून काढलेलं, घरात बोललेलं एखादं लागट वाक्य. अशी संध्याकाळ पोरांवर येते आणि सकाळपर्यंत बहुतेक वेळा निघून जाते. पण त्या संध्याकाळी वरच्या फळीवर काय आहे, यावर सगळं ठरतं, कारण गोळी दुसरी संधी क्वचितच देते. आणि चौदाच्या मुलाचा हात वरच्या फळीवर पोहोचत नाही असं तू कशी म्हणतेस? तो तुझ्यापेक्षा उंच झाला असेल. तो गप्प गप्प वाटला तर जवळ बसव, स्पष्ट विचार. तिकडे आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी ९८८ ही मदतवाहिनी आहे, तिच्यावर रात्री-अपरात्री फोन किंवा मेसेज करता येतो, तो नंबर फ्रिजवर लाव. पिस्तूल घ्या अथवा नका घेऊ.

घ्यावं की नको? अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात की मुलांच्या घरात बंदूक नसणंच सगळ्यांत सुरक्षित, आणि माझंही मत तेच. तरी तुम्ही दोघांनी मिळून घ्यायचं ठरवलंत, तर तेच डॉक्टर जे सांगतात ते अक्षरशः पाळायचं: पिस्तूल रिकामं, कुलपात. गोळ्या वेगळ्या, वेगळ्या कुलपात. तिजोरी भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने ठोकलेली. कोडला लग्नाची तारीख, मुलांचे वाढदिवस, घर नंबर, यातलं काही नको. आणि मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची डबी, काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, ही मोठी फसगत आहे. एक गोळी चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाला, राहिलेली असू शकते, तशीच जशी माझ्या आजोबांच्या नळीत राहिली. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून डोळ्यांनी बघायचं, बोटाने चाचपायचं, दर वेळी.

नवरा म्हणेल, चोर आल्यावर कोड दाबत बसू का? माझे वडील वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. तिथे काडतुसंच बनतात. रोज गेटवर खिसे रिकामे करायचे, काडेपेटीसुद्धा आत जाऊ द्यायची नाही. तीस वर्षं नोकरी झालेल्या माणसालाही तोच नियम. “रोज तपासतात म्हणून राग येत नाही का?” मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “ज्या दिवशी मला वाटेल की मला गरज नाही, त्या दिवशी सगळ्यांत जास्त गरज.” चांगली छोटी तिजोरी सरावाने काही सेकंदांत उघडते. तेवढे सेकंद तुमच्या घराने सोसावेत. शिवाय बहुतेक चोर घर रिकामं बघून येतात. तुम्ही लग्नाला डॅलसला गेलेले असताना फळीवरचं पिस्तूल तो सोन्याबरोबर उचलून नेईल.

कायद्याचं थोडक्यात. टेक्सासात निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर तो गुन्हा ठरतो. तुमचं ग्रीन कार्ड आहे, बंदुकीच्या गुन्ह्यात ते जाऊ शकतं. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा नोकरीच्या, कुटुंबाच्या, शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगताच येत नाही, आणि व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्यालाही नाही. तेव्हा सासऱ्यांना आदराने, पण येण्याआधीच सांग: आबा, इकडे तुम्ही हत्याराला हात लावायचा नाही, साफ करायलासुद्धा नाही. फौजी माणूस आहे, नियम सांगितला तर पाळेल.

तू शिकावंस का? हो. घरात येणार असेल तर दोघांनाही रिकामं करता आलंच पाहिजे. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेव, सणापुरतं काढ. नणंदेला म्हणावं, तुझी माया पोहोचली.

धाकटी मैत्रिणीकडे खेळायला जाते तेव्हा तिथल्या आईला विचारतेस का, घरात बंदूक आहे का आणि कुलपात आहे का? मला विचारायला फार जड गेलं होतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा समोरची बाई क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, “आहे, पण मुलांना माहीत नाही.” माझा मुलगा बाजूलाच उभा होता. घरी येताना गाडीत त्याने मला पेटीचा रंग सांगितला.

आज संध्याकाळी एक कर. नवऱ्यालाही बसव. दोन्ही मुलांना बोलव आणि सहज विचार, “आईचं सोनं कुठे असतं रे?” आधी धाकटीला बोलू दे. ती काय म्हणाली, ते मला कळव.