मुलाला कम्युनिटी कॉलेजात एचव्हीएसी शिकायचंय, काय करू?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही इलिनॉयमध्ये राहता, दोन वर्षांपूर्वी सगळ्यांचं ग्रीन कार्ड झालं, मुलगा यंदा हायस्कूल संपवतोय, मार्क असे की इंजिनिअरिंगला कुठे ना कुठे नक्की लागेल, आणि त्याचं म्हणणं काय तर मला कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) एचव्हीएसी शिकायचंय, म्हणजे हीटिंग, एसी, रेफ्रिजरेशनचं काम. बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय आणि तुमचं दोन्हीकडून मरण. शेवटी तुम्ही लिहिलंय, "इतक्या लांब येऊन मुलाला मेकॅनिकच करायचं होतं का आम्हाला?"

हे वाक्य तुम्ही किती रात्री मनात घोळवलं असेल ते मला कळतं. पण ताई, त्याच्या वरती तुम्हीच अजून एक गोष्ट लिहून गेलाय. जानेवारीत तुमचा फर्नेस, म्हणजे घर गरम करणारं यंत्र, बंद पडला, माणूस आला, आणि तुमचं पोरगं त्याच्या शेजारी टॉर्च धरून दोन तास उभं होतं. बर्नर पेटायचा आणि काही सेकंदांत विझायचा. शेवटी निघालं काय, तर ज्वाळा पेटली की नाही हे ओळखणाऱ्या, पेन्सिलीपेक्षा बारीक फ्लेम सेन्सरवर चढलेला थर, तो घासून साफ केला आणि घर गरम झालं. त्यानंतर आठवडाभर तो ज्वाळेतून करंट कसा वाहतो आणि कंट्रोल बोर्डला ते कसं कळतं हेच वाचत बसला होता असं तुम्हीच म्हणताय. मला तर ह्यात आळस दिसत नाही की अभ्यासातून पळ काढणं दिसत नाही. बिघाड शोधायची ओढ आहे ही, आणि या कामात तीच लागते, हात नंतर तयार होतात.

आता नातेवाईक म्हणतात ते "खरं कॉलेजच नाही", त्याबद्दल. पहिलं पब्लिक कम्युनिटी कॉलेज १९०१ साली तुमच्याच राज्यात जोलिएटला सुरू झालं, म्हणजे ही काल-परवाची सोय नाही. पण त्याने सगळी कॉलेजं सारखी होत नाहीत आणि माझी खरी काळजी तिथेच आहे. एचव्हीएसी शिकावं की नाही हे तुमच्या मुलाने ठरवलंय, कुठे शिकावं हे मात्र तुम्ही तिघांनी मिळून ठरवा, आणि ते वेबसाइट बघून नाही तर वर्कशॉपमध्ये उभं राहून.

मी एका कॉलेजात गेले होते, नाव नाही घेत, माहितीपत्रकावर चकचकीत मशीनचे फोटो, आणि आत गेले तर ती मशीनं कुलपात आणि मुलं पडद्यावर व्हिडिओ बघतायत. दुसऱ्या एका ठिकाणी गेले तिथलं शॉप कळकट होतं, पण तिथे एका मुलीने तांब्याच्या पाइपचा जोड ब्रेझिंग करून, म्हणजे दुसरा धातू वितळवून जोडून, आणला, बाहेरून अगदी सुबक, सरांनी काही न बोलता तो जोड उभा कापून तिच्या हातात दिला. आतून काळी खपली धरलेली. पाइप तापवताना आतून नायट्रोजन सोडायचा राहिला होता, त्यामुळे आतलं तांबं जळलं, आणि हीच खपली पुढे सुटून सिस्टीममध्ये फिरते, बारीक वाटा तुंबवते, कॉम्प्रेसरपर्यंत जाते. तिने न बोलता दुसरा तुकडा घेतला आणि परत सुरुवात केली. असा कापून दाखवणारा मास्तर जिथे असेल तिथे घाला मुलाला.

शॉपमध्ये गेलात की दोन-तीन गोष्टी नक्की विचारा. एक म्हणजे नव्या गॅसचं, म्हणजे एसीत फिरून थंडावा देणाऱ्या रेफ्रिजरंटचं, युनिट आहे का? २०२५ पासून नवीन घरगुती एसीत जुन्या आर-४१०ए ची जागा आर-३२ आणि आर-४५४बी घेतायत, हे थोडेसे ज्वलनशील आहेत, त्यांची हाताळणी वेगळी, आणि फक्त जुन्यावर शिकलेला मुलगा बाहेर पडला की परत शिकायला बसणार. दुसरं, एका युनिटवर किती मुलं? आणि सिस्टीममधली हवा आणि ओल पंपाने ओढून व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (मायक्रॉन हे व्हॅक्यूमचं माप) खाली आणून तिथे टिकते का हे प्रत्येक मुलगा स्वतः करतो, की एकजण करतो आणि बाकीचे बघतात? ह्या एका उत्तरावरून मला तरी बरंच कळतं.

पर्यावरण खात्याचं म्हणजे ईपीएचं सेक्शन ६०८ सर्टिफिकेट तर लागणारच, त्याशिवाय ज्या कामात रेफ्रिजरंट बाहेर सुटू शकतो त्याला हातच लावता येत नाही कायद्याने. त्यातला युनिव्हर्सल, म्हणजे सगळ्या प्रकारच्या यंत्रांना चालणारा प्रकार कोर्समध्येच करून घेतात का ते बघा. एकदा पास झालं की ते संपत नाही.

पण ताई, एक गैरसमज काढून टाका, कॉलेजचं सर्टिफिकेट हातात आलं म्हणजे कारागीर झाला असं नाही. ती सुरुवात आहे. पुढे अप्रेंटिसशिप असते, म्हणजे पगारावर काम करता करता शिकणं, रजिस्टर्ड अप्रेंटिसशिपमध्ये साधारण वर्षाला २,००० तास पगारी काम आणि किमान १४४ तास वर्ग असा हिशेब असतो, युनियनची असेल तर बहुतेक पाच वर्षं, आणि पगार टप्प्याटप्प्याने वाढतो. म्हणून कॉलेजला सरळ विचारा, मागच्या बॅचची मुलं कुठे लागली, आणि इथले क्रेडिट अप्रेंटिसशिपमध्ये धरतात का. उत्तर गोलमोल आलं तर दुसरं कॉलेज बघा. लायसन्सचे नियम राज्याराज्यात, कधी शहराशहरात वेगळे असतात, तेही तिथेच विचारून घ्या. (आणि ज्या पालकांची मुलं अजून एच-४ वर, म्हणजे एच-१बी सारख्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर आहेत त्यांच्यासाठी, मुलाला शिकता येतं पण काम करता येत नाही, त्यामुळे पगारी अप्रेंटिसशिपचं दार बंद राहतं, आधी व्हिसाचा विचार करा मग कोर्सचा.)

पैशाचं बोलते. सरकारी आकड्यांनुसार मे २०२३ मध्ये या कामाचा मधला पगार वर्षाला ५७,३०० डॉलर होता, म्हणजे अर्धे लोक याच्या वर, अर्धे खाली, आणि नवा मुलगा खालच्या अर्ध्यातच सुरू करणार हे त्यालाही माहीत असू दे. एफएएफएसए, म्हणजे सरकारी शिक्षण-मदतीचा फॉर्म भरा, ग्रीन कार्डवर पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) मिळू शकते, २०२४-२५ ला ती जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होती, उत्पन्न बघून ठरते. आपण राहतो त्याच कॉलेज-डिस्ट्रिक्टच्या कॉलेजात फी बरीच कमी पडते.

बाबांचा प्रश्न, दोन वर्षांनी मन बदललं तर इंजिनिअरिंगला जाता येईल का? येईल, पण आत्ताच काळजी घेतली तर. कम्युनिटी कॉलेजची असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स ही डिग्री नोकरीसाठी बांधलेली असते, तिचे शॉपचे क्रेडिट इंजिनिअरिंगला बहुतेक वेळा धरत नाहीत. म्हणून त्याला टेक्निकल मॅथऐवजी कॉलेज अल्जेब्रा आणि जमलं तर कॅल्क्युलस घ्यायला सांगा, इंग्लिशही ट्रान्सफर होणारं घ्या. थोडी जास्त मेहनत होईल, पण वाट मोकळी राहील, आणि बाबांशी बोलायला एक मुद्दाही मिळेल.

अवघड बाजूही सांगते, लपवणार नाही. उन्हाळ्यात माळ्यावर, हिवाळ्यात छतावर काम, रात्री-अपरात्री कॉल, पाठ आणि गुडघे सांभाळावे लागतात. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, कंपनीची व्हॅन चालवायची असल्यामुळे ड्रायव्हिंग रेकॉर्ड बघतात, नशेची टेस्टही बऱ्याच ठिकाणी होते. अठराव्या वर्षी वेगाचं एखादं तिकीट आलं तर ते नोकरीत आडवं येऊ शकतं, हे त्याला आजच सांगा.

आणि बाबांना बरोबर न्याच. दिवसा नको, संध्याकाळच्या बॅचला जा, कारण तेव्हा दिवसभर काम करून आलेली मोठी माणसं शिकायला बसलेली असतात, तिशीतली, चाळिशीतली. त्यांच्यापैकी कुणाला तरी बाबांनी स्वतः विचारावं, तू हे का निवडलंस, आधी काय करत होतास. तुम्ही आणि मुलगा तेवढा वेळ जरा लांब थांबा.