प्लॅस्टिकच्या निवासी प्रशिक्षणाला निघताना

सर, प्लॅस्टिक कंपन्यांच्या खर्चाने शिक्षकांसाठी होणाऱ्या प्रशिक्षणाला पहिल्यांदाच निघालात, तर बॅगेत जागा ठेवा. फाइल-पेन मिळेलच, तुम्ही प्लॅस्टिकचे कच्चे दाणे मागा. पॉलिथिन, पीपी (पॉलिप्रॉपिलीन), पीव्हीसी, प्रत्येक जातीचे मूठ-मूठभर, पुडीवर नाव लिहून.

परत आल्यावर पहिला तास पाण्याच्या बादलीचा. बाटलीचं झाकण तरंगतं, बाटलीचा तुकडा बुडतो. झाकणाच्या प्लॅस्टिकची घनता पाण्याहून कमी, बाटलीच्या प्लॅस्टिकची, म्हणजे पीईटीची, सुमारे १.३८ (पाण्याची १). तुकड्याला चिकटलेले बुडबुडे आधी झटका, नाहीतर तोही तरंगतो आणि वर्गासमोर फजिती होते. माझी झाली आहे. मग सोलापुरी चादरीचा सुती धागा आणि पॉलिस्टरचा धागा शेजारी ठेवा. दोन्ही पॉलिमरच, म्हणजे लहान रेणूंच्या लांब साखळ्या. एक कपाशीतला सेल्युलोज, दुसरा चक्क त्या बाटलीचाच पीईटी. ज्यांच्या घरी यंत्रमाग आहेत, ती पोरं तुम्हालाच शिकवतील.

खर्च कोण करतंय हे मात्र लक्षात असू द्या. पुनर्वापरावरचं भाषण गोडच असतं. २०१८ च्या आपल्या महाराष्ट्रातल्या प्लॅस्टिकबंदीबद्दल तिथेच विचारा, पण सभागृहात नको, रात्री जेवताना.

आणि शेंगाचटणी न्या. कंपनीच्या इंजिनिअरला पुडी दिली की दाणे दुप्पट मिळतात.