जुना बुद्धिबळ कॉम्प्युटर मध्येच अडकतो, खेळी घेत नाही. काय करावं?

आधी सगळे सेल एकदम बदला, जुने-नवे मिसळू नका. स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर असेल तर व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून पूर्ण वाळू द्या. वर्षानुवर्षं आत राहिलेले सेल बऱ्याचदा गळतात. मग बारीक भोकातलं रिसेट काडीने दाबा. चालू डाव बहुधा जाईल.

खेळी नाकारत असेल तर निघण्याचं आणि पोहोचण्याचं, दोन्ही घरं ठामपणे दाबा. किल्लेकोटात (कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) आधी राजा, मग हत्ती. आमच्याकडे भाचा उलट करायचा, म्हणून मशीन अडायचं. राजाला शह बसलाय का, तेही बघा; तो न टाळणारी खेळी मशीन घेत नाही.

इंदूरला जेल रोडवरून अडॅप्टर घेणार असाल तर मशीनवरचे व्होल्ट आणि प्लस-मायनसची खूण यांचा फोटो न्या. उलट ध्रुवाने सर्किट जळू शकतं, आणि जुन्या मशीनचे सुटे भाग मिळणं फार कठीण.