उन्हाळ्यातलं माळवं: फुलं गळायलीत म्हणून लगेच औषधाची बाटली आणू नका

गेल्या आठ-दहा दिवसांत परसबागेचे लई प्रश्न आलेत पण मुळात तीनच आहेत, म्हणून सगळ्यांना एकत्रच सांगतो. सेलूकडच्या एका ताईंच्या दोडक्याला अन् दुधीला फुलं भरपूर हायेत पण फळ धरत नाही, बोटाएवढं होतं अन् पिवळं पडून गळतं. औशाच्या काकांच्या टोमॅटो-मिरचीची फुलं गळायलीत, दुकानदारानं एक बाटली दिली, ती किती टाकू विचारतात. गेवराईच्या दादांनी भेंडीच्या पानांचे फोटो पाठवलेत, पानं फिकी पडलीत अन् खालून बारीक जाळी हाय.

पहिलं दोडक्याचं, कारण हे मी दरवर्षी गावोगाव बघतो. सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस वेलाला नुसती नर फुलं येतात, ती गळणारच, त्यात घाबरायचं काही नाही. मादी फूल ओळखायचं सोपं हाय, पाकळ्यांच्या मागं इवलंसं दोडकं असतं, नराच्या मागं नुसता देठ. आता ती मादी फुलं पण पिवळी पडायलीत म्हणजे परागीभवन होईना. दोडक्याचं अन् दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, त्या टायमाला मधमाशा पोळ्यावर परत गेलेल्या असतात, आणि आजूबाजूला रोज फवारणी असली तर दिवसा पण माशी दिसत नाही. मग काम आपणच करायचं. संध्याकाळी साडेपाच-सहाच्या पुढं ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागं वळवा, मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलक्या हातानं दोन-तीनदा टेकवा, झालं. एका नरावर दोन-तीन माद्या होतात. तीन दिवसांनी बघा, फळ धरलं तर हिरवंगार राहून देठ खाली वाकायला लागतो, नाही धरलं तर टोकाकडून पिवळं पडून सुरकुततं. कारलं, काकडी अन् गिलक्याला हेच काम सकाळी लवकर करायचं, त्यांची फुलं सकाळची हायेत. घरातल्या पोरांना लावा कामाला, दोन दिवसांत शिकतात. याला कुठलं टॉनिक लागत नाही, दुकानदार 'फ्लॉवरिंग स्पेशल' म्हणून देतो ते घेऊ नका.

काका, तुमची ती बाटली. नाव वाचलं, एनएए हाय, म्हणजे संजीवक, झाडाच्या वाढीवर काम करणारं औषध. 15 लिटरच्या पंपाला जेमतेम 3 मिली लागतं अन् तुम्हाला एक टोपण भरून सांगितलंय. टोपणानं मोजू नका, टोपणानं मोजू नका, किती वेळा सांगायचं! हेच एनएए जास्त झालं की फुलं उलट गळतात, फळं विरळ करायला पण हेच वापरतात. आणि मे महिन्यात आपल्याकडं दिवसा 42-43 अंश अन् रात्री पण 27-28 असताना टोमॅटोचे परागकण कामाचेच राहत नाहीत, दिवसा 35 च्या अन् रात्री 25 च्या पुढं गेलं की टोमॅटोचं फूल टिकत नाही. त्याला औषध नाही. मार्चमध्ये लावलेला टोमॅटो मेमध्ये फुलावर आला, तिथंच टाइम चुकला. आता झाड जगवा, पाऊस पडून हवा उतरली की परत फुटंल. मिरचीला पश्चिमेकडून तुराट्यांची ताटी उभी करा नाहीतर जुनी साडी बांधा, दुपारचं ऊन तुटलं की फरक दिसतो.

आता जे मी सगळ्यांना सांगतो अन् निम्मे लोक करत नाहीत ते. आच्छादन. सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, काहीही चालंल, आळ्यात चार बोटं जाड थर द्या, खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी सोडा. मग दुपारी दोन वाजता भुसकट बाजूला करून मातीत बोट घालून बघा, गार लागंल. शेजारच्या उघड्या आळ्यात घाला, चटका बसतो अन् वर बोअरच्या पाण्याचा पांढरा खार आलेला दिसतो. पाणी सकाळी लवकर नाहीतर दिवस मावळल्यावर, भर दुपारी अजिबात नाही. आणि युरिया मूठ-मूठ टाकायचा बंद करा, वेल नुसता पसरतो अन् फळ धरत नाही. एका आळ्याला चहाचा एक चमचा, ओलीवर, खोडापासून वीतभर लांब, बास.

गेवराईचे दादा, तुमच्या भेंडीवर लाल कोळी हाय. पान उलटं करा, मिरचीची पूड शिंपडल्यासारखे बारीक ठिपके हलताना दिसतील. तुम्ही आधी पांढऱ्या माशीसाठी दोनदा औषध मारलं म्हणता, त्यातच कोळी खाणारे मित्रकीटक मेले अन् हा वाढला. आता तीन-चार दिवस रोज सकाळी पाइपनं पानांच्या खालून जोरात पाणी मारा, जास्त खराब पानं तोडून जाळा. दुकानदार गंधक देईल. या उन्हात गंधक मारू नका, पानं करपतात, काकडीवर्गाच्या वेलावर तर नकोच. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला भाजीपाल्यावर 2005 पासून बंदी हाय, कुणी जुनी बाटली काढून दिली तर परत करा. भेंडी आपण दिवसाआड तोडतो अन् त्याच दिवशी लेकरांच्या ताटात वाढतो, मग विष मारायला मधी दिवस उरतात कुठं? ज्या झाडाच्या शिरा पिवळ्या पडल्यात ते उपटून टाका, तो हळद्या रोग पांढरी माशी पसरवते अन् फवारून झाड बरं होत नाही. पुढच्या वेळी हळद्या कमी घेणारं वाण लावा, परभणी क्रांती आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाचं हाय, पण आता तिच्यावर पण काही ठिकाणी हळद्या दिसतो म्हणून बी लावलं की निवांत झालो असं समजू नका.

गवार, चवळी, तांदुळजा, अंबाडी या उन्हात पण चांगल्या चालतात, त्यांना फार हात लावू नका. शेवग्याच्या शेंगा संपल्या की छाटून घ्या. मोगरा फुलायलाय तिथं पाण्याचा ताण देऊ नका.

योजनेचं विचारलंय काहींनी: बचत गटात असाल तर उमेद अभियानाच्या ताईंकडं परसबागेची चौकशी करा, ठिबकसाठी महाडीबीटी हे सरकारी पोर्टल, बाकी कृषी सहाय्यकाला भेटा.

आणि जूनमध्ये निंबोळ्या पडायला लागल्या की गोळा करून सावलीत वाळवून ठेवा. अर्धा किलो कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळून 10 लिटर करायचं अन् संध्याकाळी फवारायचं, दुपारी नाही.