वाचकांचे प्रश्न: कामावरचे मृत्यू, कारण कुठलं आणि नोंद कुठे?

या वेळची बहुतेक पत्रं मुंबई महानगर प्रदेशातल्या, म्हणजे कुलाब्यापासून विरार, कल्याण-अंबरनाथ आणि पनवेलपर्यंतच्या कामांवर जीव गमावलेल्या माणसांबद्दल आहेत. एकाच विषयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: आमच्या भागात वर्षाला किती माणसं कामावर मरतात, कशामुळे आणि कुठल्या उद्योगात, हा आकडा एका ठिकाणी कुठे मिळेल? (कामगार कार्यकर्ता, ठाणे)

एका ठिकाणी मिळणार नाही. कारखान्यातला मृत्यू औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जातो. विजेचा असेल तर विद्युत निरीक्षकाकडे, रुळावरचा रेल्वेकडे. उरलेले सगळे पोलिसांकडे, आणि उरलेलेच जास्त. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात अपघाती मृत्यूंचे कारणवार तक्ते असतात आणि मुंबईचा आकडा वेगळा दिलेला असतो. पण 'उंचावरून पडून' या रकान्यात चौदाव्या मजल्यावर प्लास्टर करणारा गवंडी आणि स्वतःच्या गच्चीवर पतंग उडवणारा मुलगा दोघंही शेजारी शेजारी बसतात. माणूस कसा गेला हे त्या तक्त्यातून कळतं, तेव्हा तो कामावर होता का हे कळत नाही. आमच्या मते या भागातल्या कामगार-मृत्यूंच्या आकड्यांची सगळी मेख इथे आहे.

आकडा स्वतः जुळवायचा असेल तर माहितीच्या अधिकारात चार ठिकाणी अर्ज करा. पोलीस ठाण्यांकडे अकस्मात मृत्यूंची नोंदवही मागा. औद्योगिक सुरक्षा संचालनालय आणि विद्युत निरीक्षक यांच्याकडे प्राणघातक अपघातांची यादी मागा. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे 'कामावर असताना मृत्यू' म्हणून मंजूर झालेले दावे मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे चौघांना चार अर्ज, प्रत्येकी 10 रुपये. मृतांची नावं मागू नका, त्यावरून अर्ज अडवतात. तारीख, जागा, वय आणि मृत्यूचं कारण एवढंच मागा. तीच तारीख, तीच जागा, तेच वय दोन याद्यांत दिसलं तर एकच मृत्यू धरा. पोलीस ठाणं 'अशी वर्गवारी ठेवलेली नाही' असं उत्तर देईल. म्हणून पहिल्याच अर्जात नोंदवही समक्ष पाहण्याची परवानगी मागून ठेवा.

प्रश्न: माझा भाऊ न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो, तिकडे शहरागणिक असे तक्ते छापतात. मग आपली तुलना त्यांच्याशी करता येईल का? (वाचक, डोंबिवली)

छापतात, हे खरं. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाची ही गणना 1992 पासून देशभर चालू आहे. मृत्यूचा दाखला, भरपाईचा दावा, पोलीस अहवाल अशा निरनिराळ्या कागदांवरून मृत्यू कामाशी जोडलेला होता याची खात्री करतात आणि मगच तो मोजतात. 2023 मध्ये तिथे 5,283 मृत्यू नोंदले गेले. कारणानुसार पाहिलं तर वाहतुकीचे अपघात सर्वांत वर, 1,942. उद्योगानुसार पाहिलं तर बांधकाम सर्वांत वर, 1,075. दोन्ही तक्ते खरेच, कारण बांधकामावरचा माणूस डंपरखाली गेला तर तो पहिल्या तक्त्यात वाहतुकीत आणि दुसऱ्यात बांधकामात येतो. एकच तक्ता वाचून 'धोका अमुकच धंद्यात' असं म्हणू नये.

तुलनेत दोन खड्डे आहेत. पहिला डोक्यांचा: एका उद्योगात 60,000 कामगार आणि 12 मृत्यू, दुसऱ्यात 4,000 कामगार आणि 3 मृत्यू असं समजा. लाखामागे पहिल्याचा दर 20 आणि दुसऱ्याचा 75. पण तीनाचे पुढच्या वर्षी एक झाले की दर 25 वर येतो, म्हणून लहान आकड्यांची पाच वर्षांची बेरीज घ्यावी. दुसरा खड्डा तासांचा आहे. अमेरिकेचा 2023 चा दर लाखामागे 3.5 आहे, पण तिथे एक कामगार म्हणजे वर्षाचे 2,000 तास. आपल्याकडे साइटवर बारा तासांची पाळी आणि 300 दिवस धरले तर 3,600 तास होतात. नुसती डोकी मोजून दर काढला तर तो तासांच्या हिशेबाने निघणाऱ्या दराशी जुळणार नाही.

प्रश्न: मार्च 2025 मध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत चार कामगार गुदमरून गेले. पाण्याच्या टाकीत मैला नसतो, मग गुदमरायला काय होतं? आमच्या सोसायटीची जमिनीखालची टाकी साफ करायची आहे. (सेक्रेटरी, वसई)

विरारला एप्रिल 2024 मध्ये सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत चौघं गेले, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही, कारण तिथला वायू सगळ्यांना ठाऊक असतो. पाण्याची टाकी फसवते. नव्या टाकीत सेंट्रिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) फळ्या आणि प्लाय आतच राहिलेले असतात, तळाला क्युरिंगचं (काँक्रीट मुरवायला मारलेलं) पाणी साचलेलं असतं, वर झाकण. ओलं लाकूड कुजताना आतला ऑक्सिजन संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. जुन्या टाकीत हेच काम गाळ आणि गंज करतात. त्यात वॉटरप्रूफिंगचा रंग लावला असेल तर त्याची वाफ. आणि सर्वांत वाईट म्हणजे पाणी उपसायला डिझेल किंवा पेट्रोलचा पंप टाकीत उतरवणं. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही येत नाही.

हवेत ऑक्सिजन साधारण 21 टक्के असतो. 10 टक्क्यांच्या खाली माणूस शुद्ध हरपतो, 6 टक्क्यांना दोन-चार श्वासांत कोसळतो. दम लागला, मग वर आलो, असं होत नाही. शिडीवरून खाली पोचतो आणि तिथेच बसतो. वरचा म्हणतो चक्कर आली असेल, आणि उतरतो. नावं वाढतात ती अशी.

तुमच्या टाकीसाठी क्रम असा. आदल्या दिवशीच सगळी झाकणं उघडा, भोवती कठडा लावा. ब्लोअरचा डक्ट (हवेची जाड नळी) तळापासून फूटभर उंचीपर्यंत सोडा. तोंडाशी पंखा ठेवून काही होत नाही. टाकी 5 बाय 4 बाय 3 मीटर असेल तर 60 घनमीटर झाली. आतली हवा सात-आठ वेळा बदलायची म्हणजे 450 घनमीटर, आणि तासाला 1,200 घनमीटरचा ब्लोअर असेल तर अर्धा तास धरा. माणूस आत असेपर्यंत तो बंद करायचा नाही.

मग चार वायूंचा मीटर, भाड्यानेही मिळतो. नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी, प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं थांबून वाचायचं. आधी ऑक्सिजन, कारण तो कमी असला तर ज्वलनशील वायूचा आकडा खोटा येतो. ऑक्सिजन 19.5 ते 23.5 टक्के, ज्वलनशील वायू स्फोटमर्यादेच्या (हवेत ज्या प्रमाणाला तो पेट घेऊ शकतो त्याच्या) 10 टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमखाली (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग), कार्बन मोनॉक्साइड 25 च्या खाली. यातला एकही चुकला तर उतरायचं नाही. नाकावर विसंबू नका: हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण 100 पीपीएमला नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं. पेटती मेणबत्ती सोडून पाहण्याची पद्धत तर बंदच करा. विषारी वायू तिला कळत नाही आणि रंगाची वाफ असेल तर स्फोट होतो.

उतरणाऱ्याच्या अंगात पूर्ण हार्नेस आणि वर ट्रायपॉडला (तिपाईला) विंच (दोर गुंडाळून वर ओढणारं यंत्र) हवी. झाकणाचं तोंड जेमतेम दोन फूट चौरस असतं. शुद्ध हरपलेला सत्तर किलोचा माणूस हातांनी सरळ वर काढता येत नाही. वर एक माणूस सतत उभा हवा आणि त्याने काही झालं तरी उतरायचं नाही: विंच फिरवायची, ब्लोअर चालू ठेवायचा, 101 ला फोन करून 'बंद टाकीत माणूस, श्वसनयंत्र घेऊन या' असं स्पष्ट सांगायचं. ठेकेदार म्हणेल, वीस वर्षं असंच करतोय. मग त्याला मीटर दाखवायला सांगा.

मैल्याच्या टाकीची गोष्ट वेगळी. तिथे सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवण्याला 2013 च्या कायद्याने बंदी आहे आणि ऑक्टोबर 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे गटारातल्या मृत्यूला 30 लाखांची भरपाई आहे.

प्रश्न: सेफ्टी बेल्ट लावलेला असूनही पहिल्या मजल्यावरून पडून माणूस जातो. बेल्ट खराब होता असं समजायचं का? (साइट सुपरवायझर, पनवेल)

बहुधा बेल्ट चांगला होता, उंची कमी पडली. हिशेब करा: दोरी 1.8 मीटर, झटका झेलणारं पाकीट उघडून वाढणारी लांबी फार तर पावणेदोन मीटर, पाठीच्या कडीपासून पावलांपर्यंत दीड मीटर, आणि वर एक मीटर राखीव. झाले सहा मीटर. हुक पायाशी अडकवला तर पायाखाली एवढी मोकळी जागा लागते. तीन मीटरच्या स्लॅबवर दोरी ताणली जाईपर्यंत तो जमिनीवर आदळलेला असतो. हुक डोक्यावर, पायापासून दोन मीटर उंच अडकवला तर चार मीटर पुरतात. तेही नसतील तर मीटरभर उंचीचा कठडा, नाहीतर कडेपर्यंत पोचूच न देणारी आखूड दोरी.

हुक कशाला लावला तेही पाहा. परांचीच्या बांबूला, सुंभाच्या गाठीला किंवा सेंट्रिंगच्या पाइपला लावलेला हुक म्हणजे फोटोपुरता. पाकीट उघडतानाही सुमारे 600 किलोचा ओढा येतो आणि टेकू त्याच्या दुप्पट तरी सोसणारा हवा. कमरेचा पट्टा पूर्ण बाद, तो पोटातले अवयव फाडतो. लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत खाली घ्यायची तयारी सकाळीच हवी, पायांत रक्त साचून तो तसाच जाऊ शकतो.

कडेइतकंच भोकांकडे लक्ष द्या. स्लॅबमधल्या डक्टवर मोकळा प्लाय टाकलेला असतो. कामगाराला प्लाय हवा असतो, तो दोन्ही हातांनी समोर धरून उचलतो, एक पाऊल पुढे टाकतो आणि त्याच भोकात जातो. प्लाय खिळे मारून बसवा, लाल रंगवा, वर हिंदीत 'मत उठाओ' लिहा.

प्रश्न: माझा भाचेजावई, वय 30, भिवंडीत गोदामाच्या छपराचे पत्रे बदलताना पत्रा फुटून खाली पडला आणि गेला. ठेकेदार म्हणतो, पट्टा लावला नव्हता, चूक त्याची. तरी माणुसकी म्हणून दोन लाख देतो, कागदावर सही करा. काय करावं? (वाचक, जालना जिल्हा)

मामा, सही करू देऊ नका. सुरक्षासाधन वापरलं नाही ही सबब इजेच्या दाव्यात चालते, मृत्यू झाला असेल तर चालत नाही. शिवाय भरपाई कामगार भरपाई आयुक्तांकडे जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या पगारापर्यंतची उचल सोडली तर, भरपाई म्हणून धरली जात नाही.

रक्कम अशी निघते: मासिक वेतनाचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक. पगार 18,000 असला तरी हिशेबाला 15,000 ची कमाल मर्यादा आहे. निम्मे 7,500, तिशीचा गुणक 207.98. गुणाकार 15,59,850 रुपये. महिन्याच्या आत भरले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि विनाकारण टाळाटाळ केली तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. अंत्यविधीचे पैसे वेगळे.

भाचीने अर्ज ती राहते त्या जिल्ह्यातही करता येतो, भिवंडीला खेटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षं. 21 नोव्हेंबर 2025 च्या आधीचा अपघात 1923 च्या कायद्याखाली आणि नंतरचा सामाजिक सुरक्षा संहितेखाली येतो, मूळ सूत्र तेच. काम मोठ्या कंपनीकडून ठेक्याने खाली आलं असेल आणि ते तिच्या नेहमीच्या धंद्यातलं असेल, तर तिलाही सामनेवाला करा. तिच्याकडून पैसे वसूल होण्याची शक्यता जास्त.

पण आधी भिवंडीच्या पोलीस ठाण्यात जा. तिथे बहुधा नुसता अकस्मात मृत्यू लिहिला असेल आणि शवविच्छेदनात 'डोक्याला मार'. जबाबात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: कुणाच्या सांगण्यावरून चढला, छपरावर चालायला फळ्या होत्या का, खाली जाळी होती का. सिमेंटचा जुना पत्रा वरून भक्कम दिसतो, माणसाचं वजन घेत नाही. कैच्यांवरच्या आडव्या पट्ट्यांना टेकतील अशा फळ्या टाकूनच चालायचं असतं. फळ्या नव्हत्या हे लिहून आलं तर निष्काळजीपणाचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम 106, लावायला सांगता येतं. पगाराचा पुरावा म्हणून मुकादमाच्या हजेरीवहीचा फोटो, फोनवर आलेले पैसे, सोबतच्या दोघांचे जबाब चालतात. सोबतचे गावी परतायच्या आत हे करा.

त्याची बांधकाम मंडळाची नोंदणी चालू असेल तर कामावरच्या मृत्यूचे पाच लाख वारसाला स्वतंत्र मिळतात, भरपाईतून वजा होत नाहीत.

प्रश्न: साइटच्या बोर्डात एमसीबी (भार जादा झाला की वीज तोडणारा स्विच) आहे, तरी ड्रिल मशीनचा शॉक लागून माणूस कसा जातो? (इलेक्ट्रिशियन, कल्याण)

ओल्या अंगाचा रोध सुमारे 1,000 ओहम धरा. 230 व्होल्टला 0.23 अँपिअर प्रवाह जातो. हृदय बंद पडायला त्याच्या निम्माही पुरतो, आणि 16 अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवतही नाही. ती वायर वाचवायला असते. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) प्रत्येक बोर्डावर हवा. त्याचं टेस्ट बटण पावसाळ्यात दर आठवड्याला दाबा. सारखा ट्रिप होतो म्हणून कुणी तो बायपास केला असेल, तर गळती कुठे आहे ते शोधा. टाकीत दिवा 24 व्होल्टचाच.

प्रश्न: पार्सल पोचवणारा मुलगा रस्त्यावर गेला, तर तो कामावरचा मृत्यू का? (वाचक, मुलुंड)

आपल्या तक्त्यांत तो रस्ते अपघात. अमेरिकेत तो रस्ते अपघातांतही आणि कामावरच्या मृत्यूंतही दिसला असता. दाव्याचं म्हणाल तर मोटार अपघात न्यायाधिकरण किंवा कामगार भरपाई, दोन्हींतलं एकच निवडता येतं. कंपन्या या मुलांना 'भागीदार' म्हणतात, नोकर मानत नाहीत, म्हणून न्यायाधिकरणाची वाट सोपी. अर्ज सहा महिन्यांच्या आत करा. फिर्यादीत ऑर्डर क्रमांक आणि वेळ लिहून घ्या, आणि त्याच्या फोनमधल्या ॲपचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, खातं बंद झालं की ते दिसत नाही.