‘विमानतळाची गरजच काय?’ हे हरकतीत लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका

प्रश्न : मी ऐरोलीला राहते. पनवेल तालुक्यात आमची आजोबांपासूनची ५२ गुंठे जमीन आहे. सातबाऱ्यावर माझे वडील, काका आणि आत्या अशी तीन नावं आहेत. वडील वारले, पण आमची वारस नोंद अजून झालेली नाही. नवी मुंबई विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी यातली १९ गुंठे संपादित करण्याची अधिसूचना निघून महिना उलटला. रस्ता जमिनीच्या मधून जातो. काका म्हणतात, मुंबईला विमानतळ आहेच, दुसऱ्याची गरजच नव्हती, तेव्हा नोटीस घ्यायची नाही आणि हायकोर्टात जनहित याचिका करायची. त्यांचाच मुलगा म्हणतो, संमती दिली की पंचवीस टक्के जास्त मिळतात, सह्या करून मोकळे होऊ. मला मनातून काकांचं पटतं. आम्ही काय करावं? आणि विमानतळाची खरंच गरज होती का, तुमचं मत काय?

उत्तर : ताई, आधी तारीख बघा. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ‘महिना उलटला’ ही आहे. अधिसूचना २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ खाली निघाली असेल, तर ती प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांच्या आत लेखी हरकत द्यावी लागते. अधिसूचना राजपत्रात, दोन वर्तमानपत्रांत, ग्रामपंचायतीत, तहसील कार्यालयात अशी अनेक ठिकाणी लागते आणि प्रत्येक ठिकाणची तारीख वेगळी असू शकते. तुम्ही सगळ्यात आधीची तारीख धरून मोजा, म्हणजे उशीर झाला असं कुणाला म्हणता येणार नाही. मात्र नोटिशीच्या मथळ्यावर कायद्याचं नाव आणि कलम नीट वाचा. राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालची अधिसूचना असेल तर हरकतीला फक्त २१ दिवस मिळतात. एमआयडीसीच्या किंवा राज्य महामार्गाच्या कायद्याची वाट आणखी वेगळी. पुढचं सगळं मी २०१३ चा कायदा धरून लिहिते आहे.

आता काकांचा मुद्दा. त्यांचा राग मला समजतो आणि तो राग बिनबुडाचा नाही. या पट्ट्यातल्या माणसांनी १९७० पासून सिडकोसाठी जमिनी दिल्या. त्या जमिनींच्या योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याच्या आंदोलनात पाच जणांनी जीव गमावला. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. विमानतळासाठी दहा गावं उठली, त्यांना साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचं पॅकेज मिळालं. अशा गावातल्या माणसाने ‘हे सगळं कशासाठी?’ असं विचारणं हा त्याचा हक्क आहे, आणि तो कायद्यानेही मान्य केला आहे. कलम १५ मध्ये हरकतीची तीन कारणं दिली आहेत : जमिनीचं क्षेत्र आणि ती योग्य आहे का हे, सार्वजनिक प्रयोजनासाठी दिलेलं समर्थन, आणि सामाजिक परिणाम मूल्यमापनाचे, म्हणजे प्रकल्पाचा लोकांवर काय परिणाम होईल याच्या अभ्यासाचे, निष्कर्ष. दुसरं कारण पुन्हा वाचा. ‘गरज काय’ हा प्रश्न विचारायची जागा कायद्याने तिथे ठेवली आहे, आणि ती हरकतीच्या टप्प्यावर आहे.

काका तो प्रश्न थेट हायकोर्टासाठी राखून ठेवायला निघाले आहेत. तिथे तो टिकत नाही. प्रकल्प हवा की नको, इथे की तिथे, हा सरकारच्या धोरणाचा भाग आहे आणि विचारपूर्वक घेतलेल्या अशा निर्णयावर आम्ही अपिलात बसणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नर्मदा धरणाच्या प्रकरणात २००० साली सांगितलं. तीच भूमिका न्यायालयं आजवर घेत आली आहेत. जनहित याचिकेचं तर नावच काढू नका. स्वतःची जमीन जाणाऱ्याने राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली स्वतःच्या हक्कासाठी रिट याचिका करायची असते. जनहित याचिकेत ‘यात माझा वैयक्तिक स्वार्थ नाही’ असं शपथेवर लिहावं लागतं, आणि ते काकांना लिहिता येणार नाही.

मग न्यायालय कधी हात घालतं? दोन उदाहरणं देते, दोन्ही विमानतळांचीच. गोव्यात दाबोळीचा विमानतळ असताना मोपाचा दुसरा विमानतळ हवा का, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये मोपाची पर्यावरण मंजुरी स्थगित केली, ती दुसऱ्या विमानतळाची गरज नाही म्हणून नव्हे. अर्जात आजूबाजूच्या जंगलांची, पाणथळीची माहिती नीट दिली नव्हती आणि तज्ज्ञ समितीने ती तपासली नव्हती, म्हणून. पुढे जानेवारी २०२० मध्ये अटी घालून काम सुरू करायला परवानगी मिळाली. दुसरं उदाहरण तुमच्याच तालुक्यातलं. वहाळ गावातल्या काही शेतकऱ्यांच्या जमिनी नवी मुंबई विमानतळाच्या कामासाठी जुन्या १८९४ च्या कायद्याने घेतल्या होत्या. कलम ५-अ ची चौकशी, म्हणजे शेतकऱ्याचं म्हणणं ऐकून घेण्याचा टप्पा, मध्येच गाळला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते संपादन रद्द केलं. विमानतळ चालू होण्याच्या बेतात असतानाचा हा निकाल आहे. विमानतळाच्या बाजूने किंवा विरुद्ध न्यायालय बोललंच नाही. माणसाचं ऐकून घेतलं नाही, एवढं पुरलं.

म्हणून काकांना सांगा, नोटीस नाकारू नका. नाकारलेली नोटीस पंचनामा करून दारावर चिकटवतात आणि ती बजावली गेली असं धरतात. तुम्ही हरकतच दिली नाही, तर ‘आमचं ऐकलं नाही’ हे उद्या कोणत्या तोंडाने सांगणार? हरकत दिलीत, सुनावणी मागितलीत आणि तरीही ती झाली नाही किंवा नावापुरती झाली, तर तुमच्या हातात हायकोर्टात नेण्यासारखं काहीतरी असतं. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात अनुच्छेद ३००-अ मधल्या मालमत्तेच्या हक्काची फोड केली. नोटीस मिळणं, ऐकून घेतलं जाणं आणि कारणांसह निर्णय मिळणं हे त्यातले पहिले तीन हक्क आहेत.

माझं मत विचारलंत. महानगराला दुसरा विमानतळ हवा होता असं मला वाटतं. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. भोवती शहर इतकं दाटलं आहे की वाढायला जागा नाही. कल्याण-डोंबिवलीचा किंवा पनवेलचा माणूस पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्री घर सोडतो. पण ‘महानगराला गरज आहे’ यातून ‘याच खाडीकाठी’, ‘हाच डोंगर फोडून’, ‘एवढीच जमीन’ हे आपोआप सिद्ध होत नाही. रेवस-मांडव्याची चर्चा झाली होती, कल्याणजवळच्या जागेचीही झाली होती. केंद्राची पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये आली, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. आता भूसंपादन अधिकाऱ्यापुढे ‘विमानतळ नको’ म्हणाल तर तो मान हलवून पुढची फाइल घेईल. त्याच्यापुढे प्रश्न फक्त या रस्त्याचा आहे. तुमची गरजेची हरकत त्या रस्त्याला लावा : एवढी रुंदी का, आखणी इथूनच का, शेजारी पर्याय असताना खासगी जमीन का?

पुणे जिल्ह्यातल्या पुरंदरकडे बघा. तिथल्या सात गावांनी विमानतळाला कडाडून विरोध केला. विमानतळ रद्द झाला नाही, पण संपादनाचं क्षेत्र मूळ प्रस्तावाहून बरंच खाली आलं. ज्याचं शेत वगळलं गेलं त्याच्यासाठी तो विजयच आहे.

हरकत पानभर भावना लिहून होत नाही. एक परिच्छेद नमुन्यादाखल देते, तो तुमच्या नकाशाप्रमाणे बदलून घ्या :

“प्रस्तावित आखणीमुळे सदर सर्व्हे नंबरचे दोन तुकडे होतात. उत्तरेकडील तुकड्यास वहिवाटीचा रस्ता राहत नाही. पावसाळ्यात शेतातील पाणी दक्षिणेकडील नाल्यास मिळते. रस्त्याच्या भरावामुळे हा प्रवाह अडेल. आखणीत मोरी दाखवलेली नाही. आखणी शेजारील सरकारी जमिनीतून नेल्यास खासगी क्षेत्र कमी लागेल. या पर्यायाचा विचार झाला असल्यास त्यासंबंधीच्या टिपणीची प्रत द्यावी, झाला नसल्यास तो करून मगच अहवाल पाठवावा. आम्हास प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे.”

पाण्याचा मुद्दा वरवरचा समजू नका. विमानतळाच्या भरावानंतर डुंगी, पारगाव भागात पावसाचं पाणी घरांत शिरल्याच्या तक्रारी तुम्ही ऐकल्या असतीलच. रस्त्याचा भराव घालून झाल्यावर मोरी मागत फिरण्यापेक्षा आज ती कागदावर मागितलेली बरी. शक्य असेल तर पाणी साचलेल्या शेताचे गेल्या पावसाळ्यातले फोटो जोडा.

हरकतीवर तिघांच्या कुटुंबांनी वेगवेगळ्या सह्या करा, दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय मेट्रो सेंटरची, म्हणजे भूसंपादन कार्यालयाची, पायरी उतरू नका. सुनावणीला वकील पाठवता येतो, तरी तुम्ही स्वतःही जा. काय बोललात ते रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या नोंदीत, उतरलं का हे वाचून मगच सही करा.

सामाजिक परिणाम मूल्यमापनाचंही विचारा. महाराष्ट्राने २०१८ च्या दुरुस्तीने पायाभूत सुविधांच्या काही प्रकल्पांना त्यातून सूट देण्याची सोय केली आहे. ती आपोआप लागत नाही, राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. तुमच्या रस्त्यासाठी ती निघाली आहे का, हे माहितीच्या अधिकारात मागा. सूट असली तरी कलम १५ ची हरकत आणि सुनावणी शाबूत राहते. तातडीचं कारण सांगून ती टाळायची वाटही या कायद्यात अरुंद आहे. संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती किंवा संसदेच्या मंजुरीने ठरलेली इतर तातडीची परिस्थिती, एवढ्यांसाठीच ती आहे.

आता चुलत भावाचं. तो खोटं बोलत नाही. राज्य सरकारच्या २०१५ च्या धोरणानुसार थेट खरेदीने जमीन दिली तर मोबदल्यावर २५ टक्के वाढीव मिळतात. पण ते खरेदीखत असतं. त्यावर सही झाली की वाढीव मोबदल्यासाठी दाद मागण्याचा रस्ता बंद होतो. निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, झाल्यावर कलम ६४ खाली तो रस्ता उघडा असतो : निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांत, नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल त्या आत. त्यामुळे २५ टक्के कशावर, हे आधी बघा. बाजारमूल्य मुळातच कमी धरलं असेल तर त्यावरचे २५ टक्केही कमीच. कायद्याप्रमाणे आसपासच्या गेल्या तीन वर्षांच्या व्यवहारांपैकी चढ्या दराचे निम्मे घेऊन सरासरी काढायची असते. दुय्यम निबंधकाकडून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या खरेदी-विक्रीचे उतारे, काढून ती बेरीज घरी करून पाहा. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम येते. झाडं, विहीर, कुंपण वेगळं. आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठी बाब म्हणजे जमीन तुटल्याचं नुकसान. उरलेल्या ३३ गुंठ्यांचे दोन तुकडे होऊन त्यांची किंमत पडणार आहे, तिची भरपाई कलम २८ खाली मागता येते. संयुक्त मोजणीच्या दिवशी घरातलं कुणीतरी शेतात हवंच. पंचनाम्यात न लिहिलेला आंबा नंतर कुणी मोजत नाही.

भावाने किंवा काकांनी सही केली तरी ती त्यांच्या हिश्शापुरती. तुमच्या, आईच्या, आत्याच्या हिश्शाला ती बांधत नाही. पण वारस नोंद नसेल तर तुमच्या वडिलांच्या हिश्शाची नोटीस मृत माणसाच्या नावाने निघेल आणि पैसे अडकतील. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन याच आठवड्यात ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. संपादनाच्या अंतिम जाहीरनाम्याआधी जमिनीच्या नोंदी अद्ययावत करणं कलम ११ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांवरही बंधनकारक आहे, त्याचा उल्लेख हरकतीत करा. वारसांत तुमचं आणि आईचं नाव घातलंत ना, हे स्वतः वाचा. मुलीचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने पक्का आहे. ‘सध्या एकाचंच नाव लावू, पुढे बघू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आत्याकडून घाईने हक्कसोडपत्र करून घ्यायचा घाट घातला जात असेल तर त्यांना आधी मोबदल्याचा आकडा कळू द्या. शिवाय कलम ११ ची अधिसूचना निघाल्यापासून जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय या जमिनीचे व्यवहार करता येत नाहीत.

निवाडा झाला आणि रक्कम कमी वाटली तरी पैसे नाकारायची गरज नाही. पैसे घेताना ‘हरकत राखून स्वीकारले’ असं पावतीवर स्वतःच्या अक्षरात लिहा. तसं न लिहिता घेतले तर कलम ६४ चा अर्जच करता येत नाही. काकांनाही हे सांगा, कारण रागाच्या भरात ते पैसे घ्यायला जाणार नाहीत, किंवा गेले तर समोर येईल त्यावर सही करून परत येतील.