खाद्यपदार्थांच्या फॅक्टरीत बॅक्टेरिया प्लेटवर (नमुन्यातले बॅक्टेरिया वाढवून बघायची डिश) कळतातच, मग सिक्वेन्सिंगचा, म्हणजे त्यांचा डीएनए अक्षर-अक्षर वाचायचा खर्च कशाला?

प्लेट टेस्ट एवढंच सांगते की लिस्टेरिया (अन्नातून आजार पसरवणारा बॅक्टेरिया) आहे, तो आला कुठून हे नाही सांगत आणि खरी डोकेदुखी तीच असते. समजा मार्चमध्ये ड्रेनच्या स्वॅबमध्ये (बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यात) सापडला, तुम्ही सगळं धुवून काढलं, ऑगस्टमध्ये परत सापडला, आता तो कच्च्या मालातून नव्याने आला की तिथेच बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटलेला चिवट थर) करून मुक्काम ठोकून बसलाय? लिस्टेरियाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, साधारण 29 लाख अक्षरांचा, दोन्ही सॅम्पलमध्ये फरक मोजक्याच अक्षरांचा निघाला तर बहुतेक जुनाच आहे, मग सप्लायरला झापून काही होत नाही, ड्रेन, गॅस्केट, कन्व्हेयरचे जॉइंट उघडून घासायलाच लागतात.

अमेरिकेतली ब्लू बेल आइस्क्रीमची केस वाचा. 2015 मध्ये लक्षात आलं की कॅन्ससच्या एका हॉस्पिटलमधले पेशंट मिल्कशेकमधल्या ब्लू बेलच्या आइस्क्रीममुळे लिस्टेरियाने आजारी पडले होते, मग सिक्वेन्सिंग करून जुने नमुने ताडून बघितले तर 2010 पासूनच्या काही केसेस कंपनीच्या ओक्लाहोमाच्या प्लांटशी जुळल्या. एकूण 10 आजारी, त्यातले 3 गेले. इतकी वर्षं कोणालाच धागा लागला नव्हता, हे खरंच भयंकर आहे.

फक्त एक, डीएनए मेलेल्या बॅक्टेरियाचाही मिळतो, म्हणजे थेट स्वॅबवरून सिक्वेन्सिंग केलं तर जिवंत किती ते कळत नाही. त्यामुळे प्लेट बंद करू नका, त्यावर आलेली कॉलनी (वाढलेल्या बॅक्टेरियांचा ठिपका) सिक्वेन्सिंगला पाठवा आणि जुने आयसोलेट, म्हणजे आधी वेगळे काढलेले बॅक्टेरिया, डीप फ्रीजरमध्ये जपून ठेवा, तुलनेला तेच लागतात.